शेवटचं कडवं ऐका

मंडळी, विनंती साधी आहे. फोनवर एखादं गाणं, चित्र किंवा जुना सिनेमा मनापासून आवडला तर तो शेवटपर्यंत ऐका, पाहा. आणि पुढे पाठवताना तो कुणाचा आहे ते सोबत लिहा. नाव ठाऊक नसेल तर शोधा. बऱ्याचदा पाच-दहा मिनिटांत सापडतं. नाहीच सापडलं तर ‘कुणाचं आहे ते कळलं नाही, माहीत असेल त्याने सांगावं’ एवढी एक ओळ टाका. ग्रुपमधल्या एखाद्या मावशी लगेच नाव, गाव, सगळं सांगतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

नाशिकच्या इंदिरानगर बोगद्यात रिक्षा अडकली की, जॉगिंग ट्रॅकवरच्या फेऱ्या संपल्या की, रात्री जेवणं आवरली की आपल्या हातात फोन असतो. त्यातून गाणं आणि चित्रकला पूर्वी कधी नव्हती इतकी घरात येते. मला त्याचा आनंदच आहे. ज्यांना मैफलीचं तिकीट परवडत नव्हतं, ज्यांना संग्रहालयाची पायरी चढायला संकोच वाटायचा, त्यांच्यापर्यंत हे सगळं पोहोचलं. त्यामुळे ‘फोन बाजूला ठेवा’ असा उपदेश मी करणार नाही. फोनवर जे सापडतं त्याच्याशी नीट वागू या, एवढंच म्हणणं आहे.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १५ ऑगस्ट १९२२, निधन १५ मे २००४. शाळा नशिबी नव्हती. अक्षरओळख मोठेपणी झाली. मुंबईत पडेल ते काम करून पोट भरलं आणि आंबेडकरी चळवळीसाठी हजारो गाणी लिहिली, गावोगाव फिरून स्वतः गायली. त्यांच्या गाण्यांची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येतं. अभंगात तुकोबा, नामदेव, जनाबाई आपलं नाव गुंफतात, तीच ही परंपरा.

गाणं कागदावर कमी आणि गळ्यावर जास्त चालायचं त्या काळात कवीचं नाव टिकवण्याची ही सगळ्यात पक्की सोय होती. वही हरवली, पुस्तक मिळालं नाही, गायक बदलला, चाल बदलली, तरी गाणं पूर्ण गायलं की भर सभेत कवीचं नाव उच्चारलं जायचंच. जलशातून, लाउडस्पीकरवरून, कॅसेटवरून ते असंच आपल्यापर्यंत आलं. इतकं सगळं पार करून आलेलं ते नाव आता तीस सेकंदांच्या रीलमध्ये गळून पडतं. रीलला मुखडा हवा असतो, ठेका हवा असतो. शेवटचं कडवं तिथे कधी पोहोचतच नाही. मग खाली कुणीतरी ‘पारंपरिक भीमगीत’ असं लिहून मोकळं होतं. जो कवी विसाव्या शतकात आपल्या जिल्ह्यात जन्मला, ज्याच्या गाण्यांची पुस्तकं छापलेली आहेत, ज्याला ऐकलेली माणसं आज आपल्या शेजारी राहतात, तो ‘पारंपरिक’ कसा झाला? याचा मला खरोखर त्रास होतो.

म्हणून १४ एप्रिलच्या, आंबेडकर जयंतीच्या, सुमारास गाणी फिरू लागली की पूर्ण गाणं शोधा आणि शेवटच्या कडव्यापर्यंत थांबा. ‘वामन’ ऐकू आलं की खाली लिहा: गीत वामनदादा कर्डक. मुलांनो, तुम्ही रील बनवता तर मुखड्यावर बनवा, काही हरकत नाही. पण वर्णनात कवी, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावं द्या. मराठी श्रोत्याला गायकाचं नाव चटकन आठवतं, संगीतकाराचं कधीकधी, आणि कवीचं सगळ्यात शेवटी. हे उलटं व्हायला हवं असं मी म्हणत नाही, पण तिघंही हवेत.

यात कायद्याचीही बाजू आहे, ती थोडक्यात सांगते. आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. कवीच्या शब्दांवरचा हक्क तो हयात असेपर्यंत आणि पुढे ६० वर्षं राहतो. म्हणजे वामनदादांच्या गाण्यांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षांचा. पण याच कायद्याचं कलम ५७ मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कवीने आपले हक्क विकले तरी ‘हे माझं आहे’ असं म्हणण्याचा त्याचा अधिकार जात नाही, असं ते कलम सांगतं. पैसे कुणाला मिळायचे हा वकिलांचा प्रश्न असेल. नाव लिहिणं मात्र तुमच्या-माझ्या हातात आहे आणि त्याला काही खर्च येत नाही.

आता याच्या अगदी उलट प्रकार. नाव असतं, पण खोटं असतं. सकाळी सुविचाराबरोबर येणाऱ्या निम्म्या मजकुराखाली पु. ल. देशपांडे, व. पु. काळे नाहीतर कुसुमाग्रज यांचं नाव चिकटवलेलं असतं. कुसुमाग्रज तर आपल्या नाशिकचे. ‘विशाखा’ लिहिणाऱ्या कवीच्या नावाखाली जुळवाजुळव केलेल्या चार ओळी फिरतात आणि आपण नाशिककरच त्यावर हात जोडून मोकळे होतो, याचं वाईट वाटतं. माझा नियम असा: पुस्तकाचं नाव दिलेलं नसेल तर लेखकाचं नाव मी पुढे पाठवत नाही. मजकूर आवडला असेल तर नाव काढून ‘लेखक माहीत नाही’ असं लिहून पाठवते. अगदीच खात्री करायची असेल तर गावात सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० पासून. तिथे कुसुमाग्रजांचे संग्रह मिळतील. अर्ध्या तासात सोक्षमोक्ष लागतो.

जुन्या शास्त्रीय संगीताचं तर सांगायलाच नको, इतकं काही आता ऐकायला मिळतं. द. वि. पलुस्करांचं नाव शोधून पाहा. दत्तात्रेय विष्णू पलुस्कर, बापूराव. २८ मे १९२१ रोजी याच नाशिकमध्ये जन्मले. वडील विष्णू दिगंबर पलुस्कर, ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे नाशिकमध्ये रामनाम आधार आश्रम उभारला. बापूराव दहा वर्षांचे असताना वडील गेले. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यासांकडे त्यांची तालीम झाली. आणि २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते गेलेसुद्धा. एवढंसं आयुष्य, पण मागे राहिलेलं गाणं आज कुणालाही घरबसल्या ऐकता येतं.

त्यांच्या तबकड्या जुन्या, ७८ फेऱ्यांच्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. गौड सारंग ऐका, दुपारचा राग आहे, दुपारीच ऐका. आधी शब्दांकडे लक्ष द्या. एकही अक्षर चुरगळत नाही. मग घड्याळाकडे पाहा. एवढ्या थोड्या वेळात बंदिश, तिचा विस्तार, ताना, सगळं बसवलेलं असतं आणि तरी गायक कुठे धावतो आहे असं वाटत नाही. हे पहिल्या तीस सेकंदांत कळणार नाही. तबकडी संपली की लगेच पुन्हा लावा. दुसऱ्या वेळी तानेची जागा आधीच कानात वाजू लागते. शास्त्रीय संगीत आपल्याला कळत नाही म्हणणाऱ्यांनी तर इथूनच सुरुवात करावी. तीन मिनिटं आहेत, कुणालाही झेपतील. आणि ‘बैजू बावरा’ (१९५२) मधली दरबारातली जुगलबंदी तुम्ही ऐकली असेलच. त्यात बैजूचा आवाज पलुस्करांचा आणि तानसेनचा अमीर खाँसाहेबांचा. पडद्यावर भारतभूषण दिसतात म्हणून आवाजाचा मालक विसरायचा नाही.

एक लक्षात ठेवा. वडील वि. दि. पलुस्कर आणि मुलगा द. वि. पलुस्कर. आद्याक्षरांची अदलाबदल झाली की बापाचा फोटो आणि मुलाचं गाणं अशी गल्लत सहज होते. वडील १९३१ साली गेले. पाठवताना पूर्ण नाव लिहिलं की गोंधळ होत नाही.

आता गोष्ट जुन्या सिनेमांची. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, आपण मुलांना घेऊन तिथे जातो. पण दादासाहेब फाळक्यांचा सिनेमा पाहिलाय का, असं विचारलं तर फार थोडे हात वर होतील. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि त्यानंतर दादासाहेब आपलं बिऱ्हाड आणि कारखाना घेऊन नाशिकला आले. ‘लंकादहन’ (१९१७) इथलाच. १९१९चा ‘कालिया मर्दन’ही इथलाच, आणि तो बराचसा शिल्लक आहे. फोनवर सापडतो. आज रात्री पाहा.

त्याची सुरुवात फार सुंदर आहे. कथा सुरू होण्याआधीच दादासाहेब आपल्या मुलीला, छोट्या मंदाकिनीला, कॅमेऱ्यासमोर बसवतात. ती साधी मुलगी म्हणूनच आपल्याकडे पाहते आणि एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. बाप जणू प्रेक्षकांना सांगतो आहे, ही माझी लेक, ही काय करू शकते ते आधी पाहा. मग डोळ्यांदेखत तीच मुलगी कृष्ण होते आणि गोष्ट सुरू होते. शंभर वर्षांपूर्वीची नाशिकची एक पोर इतक्या जवळून पाहायला मिळते! एवढ्यासाठी तरी हा सिनेमा घरातल्या लहान मुलांना दाखवा.

पण पाहताना एक ध्यानात असू द्या. हा मूकपट आहे. त्या काळी थिएटरात वाजंत्री बसून वाजवायचे. आज फोनवर त्याच्याबरोबर जे संगीत ऐकू येतं ते नंतर कुणीतरी जोडलेलं असतं, दादासाहेबांचं नव्हे. रंग दिसले तर बहुधा तेही नंतरचे. म्हणून आवाज बंद करून एकदा पाहा. काय नुसत्या चित्रातून सांगितलं जातंय ते मग नीट दिसतं. ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण मिळतो असा मथळा दिसला तर विश्वास ठेवू नका. त्याचा थोडाच भाग उरला आहे, आणि उरलेली रिळं १९१३ची की १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांचे वाद आहेत.

खोट्या नावांच्या प्रकारात हल्ली आणखी एक भर पडली आहे. गेलेल्या गायकांच्या आवाजात त्यांनी कधीच न गायलेली गाणी यंत्राकडून तयार करून टाकतात. ऐकायला गोड लागतात, मान्य. पण त्यांच्याखाली त्या गायकाचं नाव लिहून पाठवू नका. कोणत्या सिनेमातलं, कोणत्या तबकडीवरचं, कोणत्या वर्षीचं, याचं उत्तर मिळत नसेल तर ते गाणं त्यांचं नाही असं धरून चाला.

चित्रांबाबत गुगल लेन्ससारखी सोय बहुतेक फोनमध्ये आहे. चित्रावर बोट दाबून शोध घेतला की पुष्कळदा मूळ चित्रकार सापडतो. वारली चित्रांचे सगळ्यात जास्त हाल होतात. कपांवर, चादरींवर, सोसायटीच्या कुंपणभिंतींवर वारली असते, आणि नाव कुणाचंच नसतं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी हे चित्र घराच्या भिंतीवरून कागदावर आणलं, जगभर नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा भिंत रंगवून घ्याल तेव्हा रंगवणाऱ्याला कोपऱ्यात आपलं नाव लिहायला सांगा आणि फोटो काढताना तो कोपरा कापू नका.

हे सगळं जुन्यांपुरतं नाही. संजू राठोडच्या ‘गुलाबी साडी’वर २०२४ साली आपल्या प्रत्येक हळदीत नाच झाला. हा पोरगा जळगाव जिल्ह्यातला. नाचणाऱ्या किती जणांना त्याचं नाव माहीत होतं? आपल्याकडे सटाणा, कळवण, मालेगाव, धुळ्याकडची कितीतरी घरं आहेत. अहिराणी गाणी लागली की ती माणसं खुलतात. त्या गाण्यांनी फोनवरून जे नाव कमावलं ते कुठल्या मोठ्या कंपनीच्या मदतीने नाही. तिथेही गाणारा, लिहिणारा, ढोल वाजवणारा यांची नावं व्हिडिओखालच्या वर्णनात असतात. ‘अधिक’ असं लिहिलेलं दाबलं की दिसतात. तेवढं एकदा दाबा.

नाव लिहून ठेवण्याची चाल आपल्या भागात फार जुनी आहे. आपल्या गच्चीवरून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. तिथले शिलालेख एमिल सेनार यांनी वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात छापले; तो खंड इंटरनेटवर मोफत वाचता येतो. राजघराण्यातल्या गौतमी बलश्रीचा, उषवदाताचा मोठा लेख सगळ्यांना ठाऊक असतो. पण मला त्यातला एक अगदी लहान लेख आवडतो. मुगुदास नावाच्या कोळ्याने आपल्या कुटुंबासह एका लेण्याचं दान केलं, इतकंच त्यात आहे. राजघराण्याच्या शेजारी कोळ्याचं नाव दगडात राहिलं. ज्या पाथरवटांनी तो दगड फोडला आणि घडवला, त्यांची नावं मात्र आपल्यापर्यंत आली नाहीत. देणाऱ्याचं राहिलं, करणाऱ्याचं गेलं.

करणाऱ्याचं नाव राखायचं कसं, याचा उत्तम नमुना पाहायचा असेल तर जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प पाहा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्याहून हे काम उभं केलं, महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून तीन हजारांवर बायकांच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने येत आहेत. ओवीबरोबर गाणारीचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो, ध्वनिमुद्रण कधी झालं ते असतं. पहाटे जात्याशी बसून गायलेलं गाणं, जे शेजारच्या खोलीतसुद्धा कुणी लक्ष देऊन ऐकलं नसेल, ते गाणारीच्या नावानिशी जगासमोर आहे. ‘लोकगीत’ म्हटलं की कुणाचंच नाही असं समजणाऱ्यांनी तिथली चार-दोन पानं वाचावीत. प्रत्येक लोकगीत कुणीतरी गायलेलं असतं आणि त्या बाईला नाव असतं.

आणि आता तुमच्या घरातलं. आपल्या भागात जुनी भजनी मंडळं आहेत, गणपतीतल्या मेळ्यांतून गायलेली माणसं आहेत, आकाशवाणीवर एखाद-दुसरं गाणं झालेल्या आज्या आहेत. माळ्यावर कॅसेटचा डबा असतोच. तो फेकू नका. आधी तो खाली उतरवा आणि कॅसेटमधली पट्टी उजेडात धरून पाहा. पांढरट बुरशी दिसली तर ती कॅसेट घरी लावू नका. पट्टी तुटते आणि प्लेअरचं हेडही खराब होतं. ती जाणकाराकडे द्या. पट्टी स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेले पदर सुटतात. मग प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर कॉम्प्युटरला जोडायची आणि ऑडॅसिटी नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये मुद्रण करायचं. घरातली कॉलेजला जाणारी मुलं हे तासाभरात शिकतात. मोठी मूळ फाइल एका हार्डडिस्कवर ठेवा, लहान फाइल नातेवाइकांना पाठवा. कॅसेट स्पीकरजवळ आणि लोहचुंबकाजवळ ठेवू नका, उभी ठेवा.

फाइलच्या नावात ‘भजन १’ असं लिहू नका. कुणी गायलं, पेटीवर कोण, तबल्यावर कोण, कोणत्या गावी, कोणत्या सणाला, साल कोणतं, हे लिहा. साल नक्की नसेल तर ‘अंदाजे’ असं लिहून टाका. जी माणसं हयात आहेत त्यांची परवानगी घेतल्याशिवाय ते सगळ्यांसाठी खुलं करू नका. घरात ऐकायला परवानगी लागत नाही. आणि कॅसेट ऐकवताना आजीला किंवा काकांना जवळ बसवा, फोनवर त्यांचं बोलणं मुद्रित करत राहा. मागे कुणीतरी टाळ वाजवतंय, मध्येच कुणीतरी दाद देतंय, ते कोण हे फक्त त्यांनाच सांगता येईल. या रविवारी विचारून घ्या.